चार बाइटचा फरक: एक्सएफएसमधल्या एका शब्दाच्या दुरुस्तीची गोष्ट

आजच्या भागात दोनच आकडे लक्षात ठेवायचे आहेत, ३६ आणि ४०. ऐकताना आकडे पटकन निसटतात, म्हणून हा भाग ऐकण्यापेक्षा वाचलेला बरा असं मला वाटतं. लिनक्समधल्या एक्सएफएस या फाइलसिस्टीमचा एक छोटासा तक्ता ३६ बाइटचा मानायचा की ४० बाइटचा, यावर वेगवेगळ्या मशीन्सचं एकमत नव्हतं. ही चूक २०१३ मध्ये कोडमध्ये शिरली आणि २०१६ मध्ये एका शब्दात दुरुस्त झाली. खरा त्रास सुरू झाला तो या दुरुस्तीनंतर.

थोडं मागे जाऊ. एक्सएफएस मूळची सिलिकॉन ग्राफिक्स म्हणजे एसजीआय या कंपनीची. १९९३ च्या सुमारास काम सुरू झालं आणि १९९४ मध्ये ती त्यांच्या आयरिक्स ५.३ सोबत बाहेर आली. एसजीआयची ती मशीन्स एमआयपीएस प्रोसेसरवर चालायची आणि आकड्याचा मोठा बाइट आधी लिहायची. म्हणून एक्सएफएस डिस्कवर आजही जवळजवळ सगळे आकडे त्याच क्रमाने लिहिते, आणि तुमचा-माझा इंटेलचा लॅपटॉप ते वाचताना दर वेळी उलटे करून घेतो. पुढे एसजीआयने कोड खुला केला आणि २००२ मध्ये तो लिनक्सच्या मुख्य कर्नलच्या विकासशाखेत आला. कंपनी २००९ मध्ये दिवाळखोरीत निघाली. तिने ठरवलेला बाइटचा क्रम मात्र अजून चालू आहे. हे मुद्दाम सांगतोय, कारण डिस्कवरचा फॉरमॅट एकदा लोकांच्या डेटावर उमटला की तो बदलणं किती अवघड असतं, हे पुढे कळीचं ठरणार आहे.

आता तो तक्ता. एक्सएफएस डिस्कचे मोठे मोठे भाग पाडते, त्यांना अॅलोकेशन ग्रुप म्हणतात. प्रत्येक ग्रुपच्या सुरुवातीला चार सेक्टर हिशेबासाठी राखलेले असतात. त्यातल्या चौथ्या सेक्टरचं नाव एजीएफएल, म्हणजे ग्रुपची फ्री लिस्ट. नावावरून वाटेल की ग्रुपमधली सगळी मोकळी जागा इथे लिहिलेली असते. तसं नाही. मोकळ्या जागेचा खरा हिशेब दोन बी-प्लस ट्रीमध्ये असतो. अडचण अशी की या ट्रीसुद्धा डिस्कवरच राहतात आणि वाढल्या की त्यांनाही जागा लागते. दुकानाच्या जमाखर्चाची वही संपली आणि नवी वही विकत आणली, तर त्या खरेदीची नोंद कुठे करणार? संपलेल्या वहीत? म्हणून शहाणा दुकानदार दोन-चार कोऱ्या वह्या आधीच ड्रॉवरमध्ये टाकून ठेवतो. एजीएफएल म्हणजे तो ड्रॉवर. ट्रीला अचानक ब्लॉक लागला तर इथून उचलायचा, आणि नंतर सवडीने ड्रॉवर पुन्हा भरायचा.

हा ड्रॉवर गोल फिरतो. सेक्टरमध्ये रकान्यांची एक रांग असते. पुढून ब्लॉक काढायचे आणि मागून भरायचे. शेवटचा रकाना आला की पुन्हा शून्यापासून सुरुवात. पहिला भरलेला रकाना कोणता, शेवटचा कोणता आणि एकूण किती भरलेत, हे तीन आकडे शेजारच्या दुसऱ्या सेक्टरमध्ये लिहिलेले असतात. ही रांग किती रकान्यांची आहे, हे मात्र डिस्कवर कुठेच लिहिलेलं नाही. ते कोड प्रत्येक वेळी स्वतः मोजतो. इथेच पुढचं सगळं महाभारत घडलं.

जुन्या एक्सएफएसमध्ये हे मोजणं सोपं होतं. एजीएफएलला हेडरच नव्हता. सेक्टर ५१२ बाइटचा, रकाना ४ बाइटचा, म्हणजे १२८ रकाने. पण डिस्कवरचा एखादा सेक्टर बिघडला किंवा चुकीच्या जागी लिहिला गेला तर ते ओळखायचं कसं? या प्रश्नासाठी डेव्ह चिनर यांच्या पुढाकाराने एक्सएफएसचा नवा, पाचव्या आवृत्तीचा फॉरमॅट तयार झाला. २०१३ च्या ३.१० कर्नलमध्ये तो पहिल्यांदा आला. त्यात मेटाडेटाच्या प्रत्येक तुकड्याला ओळख आणि चेकसम मिळाला. एजीएफएलला मिळालेला हेडर असा होता: ४ बाइटचा ओळख क्रमांक, ४ बाइटचा ग्रुप क्रमांक, १६ बाइटचा यूयूआयडी, जर्नलमधली जागा सांगणारा ८ बाइटचा आकडा, आणि ४ बाइटचा चेकसम. बेरीज ३६. उरले ४७६ बाइट, म्हणजे ११९ रकाने.

कागदावर ११९. प्रत्यक्षात ६४-बिट मशीनवर कोड मोजायचा ११८.

कारण सी भाषेचा एक जुना नियम. ८ बाइटचा आकडा मेमरीत आठच्या पटीतल्या पत्त्यावर असला की प्रोसेसरला तो वाचणं सोयीचं जातं. म्हणून ६४-बिट मशीनवर कंपायलर अशा आकड्याची जागा तशी जुळवून घेतो. इतकंच नाही, हा आकडा ज्या स्ट्रक्चरमध्ये आहे त्या अख्ख्या स्ट्रक्चरची लांबीही तो आठच्या पटीत नेतो, कारण अशी स्ट्रक्चर्स एकामागे एक मांडली तर दुसऱ्यातला आकडाही नीट बसायला हवा. ३६ आठच्या पटीत नाही, मग शेवटी चार रिकामे बाइट जोडून ४०. हे सगळं गुपचूप होतं, नेहमीच्या सेटिंगला साधी वॉर्निंगही येत नाही. ३२-बिट इंटेलवर मात्र लिनक्समध्ये स्ट्रक्चरमधला ८ बाइटचा आकडा चारच्या पटीत असला तरी चालतं, त्यामुळे तिथे ३६ चे ३६ राहतात. (गंमत म्हणजे ३२-बिट एआरएमवर पुन्हा आठचाच नियम आहे. म्हणजे हा ३२ विरुद्ध ६४ असा सरळ सामनाही नव्हता.)

रकाने सुरू कुठून होतात यावर कोणाचा वाद नव्हता. ते सगळीकडे ३६ व्या बाइटपासूनच सुरू व्हायचे. फक्त रांग कुठे संपते यावर मतभेद. ६४-बिट कर्नल शेवटच्या रकान्याला कधी हातच लावायचा नाही. म्हणून कोणाला काही कळलंही नाही. ११९ ऐवजी ११८ कोऱ्या वह्या ठेवता आल्या, तर कोणत्या दुकानदाराचं काय अडतं? बहुतेक सगळे सर्व्हर ६४-बिट होते आणि सगळे मिळून एकसारखं चुकत होते. जवळजवळ अडीच वर्षं.

उलगडा झाला तो ३२-बिट दुरुस्ती-टूलमुळे. ६४-बिट मशीनवर वापरलेली डिस्क त्या टूलने तपासली की ते ११९ वा रकानाही वाचायचं आणि तिथे कचरा सापडल्याची तक्रार करायचं. जानेवारी २०१६ मध्ये डॅरिक वाँग यांनी दुरुस्ती दिली: स्ट्रक्चरच्या व्याख्येला 'पॅक्ड' हा एक शब्द जोडला. म्हणजे कंपायलरला सांगितलं की बाबा रे, इथे स्वतःच्या मनाने भर घालू नकोस. हेडर सगळीकडे ३६ चा झाला, रकाने ११९. ही दुरुस्ती ४.५ कर्नलमध्ये गेली आणि ३.१० ते ४.४ या जुन्या स्टेबल मालिकांमध्येही घ्यावी अशी नोंद तिच्यासोबत होती.

कोडपुरतं बघितलं तर काम फत्ते. पण कोड बदलला म्हणून डिस्कवर आधी लिहिलेलं बदलत नाही.

समजा जुन्या कर्नलवर रांग अशी होती: ११६, ११७ आणि मग वळसा घेऊन ०, १, २. (रकाने शून्यापासून मोजायचे, म्हणून ११८ रकान्यांतला शेवटचा ११७.) एकूण भरलेले पाच. मशीन बंद केलं, कर्नल अपडेट केला, पुन्हा सुरू केलं. नव्या कर्नलने ११६ उचलला, ११७ उचलला, आणि त्याच्या हिशेबाने पुढचा ११८. जुन्या कर्नलने त्या रकान्यात कधीच काही लिहिलेलं नाही. तिथला आकडा हा खरा ब्लॉक क्रमांकच नाही. असा ब्लॉक वापरायला गेल्यावर एक्सएफएसच्या लक्षात येतं की काहीतरी भयंकर चुकलंय, आणि ती पुढचं नुकसान टाळायला अख्खी फाइलसिस्टीमच बंद करते. तेही बूट होताना नाही. त्या रकान्याची पाळी येईल तेव्हा, म्हणजे तासाभराने किंवा आठवड्याने. ज्याच्या सर्व्हरवर हे झालं असेल, त्याला कर्नल अपडेटचा संशय यायला किती वेळ लागला असेल याची कल्पना करा.

अपडेटच्या क्षणी रांग वळसा घेऊन बसलेली असेल तरच हे घडायचं. पाच ब्लॉकची रांग ११८ जागांपैकी फक्त चार ठिकाणी सुरू झाली तरच वळते. म्हणजे एका ग्रुपमागे साधारण तीन-साडेतीन टक्के. पण एका डिस्कवर ग्रुप अनेक, आणि सर्व्हर हजारो. टेस्टिंगमध्ये सापडणार नाही पण प्रॉडक्शनमध्ये कोणाला ना कोणाला गाठेलच, असा हा आकडा आहे. उलट दिशेनेही भानगड होती. नव्या कर्नलने ११८ व्या रकान्यापर्यंत रांग नेली आणि मग कोणी जुन्या रेस्क्यू डिस्कवरून तीच फाइलसिस्टीम उघडली, तर जुना कर्नल म्हणायचा की इतके रकानेच नाहीत, हा डेटा बिघडलेला आहे.

२०१८ मध्ये ब्रायन फॉस्टर यांनी यावर जो उपाय दिला तो ४.१७ मध्ये आला, आणि मला तो या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात समंजस भाग वाटतो. पहिल्या आणि शेवटच्या रकान्यावरून किती ब्लॉक असायला हवेत ते मोजायचं आणि लिहिलेल्या एकूण संख्येशी ताडून बघायचं. वरच्या उदाहरणात नवा कर्नल सहा मोजेल, लिहिलेत पाच. मग करायचं काय? आपल्याला वाटेल, फक्त तो एक रिकामा रकाना भरून टाकावा. पण हिशेब जुळत नाही याचं कारण जुनं पॅडिंगच आहे की खरोखरचा बिघाड, हे खात्रीने सांगता येत नाही. म्हणून निर्णय असा झाला की या ड्रॉवरवर अजिबात विश्वास ठेवायचा नाही. तो पूर्ण रिकामा समजायचा आणि नव्याने भरायचा. आतले चांगले ब्लॉकसुद्धा सोडून द्यायचे. त्यामुळे थोडी जागा हिशेबातून हरवते आणि ती परत मिळवायला पुढे कधीतरी दुरुस्ती-टूल चालवावं लागतं. पण सर्व्हर चालू राहतो. दोन-चार ब्लॉकची गळती की अख्खी फाइलसिस्टीम बंद, यात गळती केव्हाही परवडली.

माझं स्वतःचं मत विचाराल तर २०१६ मध्ये ११९ ऐवजी ११८ हाच अधिकृत आकडा ठरवायला हवा होता. हेडरच्या शेवटी चार रिकामे बाइट उघडपणे लिहून टाकायचे आणि ३२-बिट इंटेलला जुळवून घ्यायला लावायचं. बहुसंख्य डिस्कवर जे प्रत्यक्षात होतं तोच फॉरमॅट होता, मग कागदावर काहीही असो. याची दुसरी बाजूही आहे. रकाने ३६ व्या बाइटपासूनच सुरू होत असल्यामुळे ते रिकामे बाइट हेडरला जोडता आले नसते, एक रकाना सोडून द्यायचा असा वेगळा नियम कोडमध्ये कायमचा घालावा लागला असता. आणि ३२-बिट मशीनवरच्या डिस्कना वळशाचा हाच त्रास उलट्या बाजूने झाला असता. तरीही कमी लोकांना झाला असता, असं मला वाटतं.

२०१६ मध्येच एक्सएफएसच्या कोडमध्ये आणखी एक छोटी फाइल आली. तिच्यात डिस्कवरच्या स्ट्रक्चर्सची यादी आणि प्रत्येकाची अपेक्षित लांबी लिहिलेली आहे. कर्नल कंपाइल होतानाच प्रत्यक्ष लांबी तिच्याशी ताडली जाते आणि एका बाइटचाही फरक पडला तर बिल्ड तिथेच थांबतो. त्या यादीत एजीएफएलची ओळ आहे आणि तिच्यासमोर आकडा आहे ३६.