बियाफ्राच्या अन्नाची वाट

३० मे १९६७ रोजी नायजेरियाचा पूर्व भाग कर्नल ओजुक्वू यांच्या नेतृत्वाखाली ‘बियाफ्रा’ या नावाने फुटून निघाला आणि जुलैत युद्ध पेटले. मे १९६८ मध्ये पोर्ट हारकोर्ट पडले, समुद्राकडची वाट बंद झाली आणि निर्वासितांनी गच्च भरलेल्या त्या कोंडलेल्या मुलखात मुले भुकेने मरू लागली. चर्चच्या संस्थांनी विमानांनी अन्न पोहोचवले म्हणून हे युद्ध लांबले, असा आरोप पुढे वारंवार झाला. तो मला अर्धवट वाटतो. अन्न अडले ते सार्वभौमत्वाच्या वादात, आणि त्या वादाला दोन्ही बाजू जबाबदार होत्या.

राजनैतिक प्रयत्न झाले नाहीत असे नाही. सप्टेंबर १९६७ मध्ये किन्शासात आफ्रिकी एकता संघटनेने हैले सेलासी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पण हा नायजेरियाचा अंतर्गत प्रश्न आहे, हे तिने आधीच गृहीत धरले होते. काँगोतून फुटून निघालेल्या कटांगाचा अनुभव ताजा असलेल्या राष्ट्रांना दुसरे काही परवडणारे नव्हते. १९६८ मध्ये कंपाला आणि अदिस अबाबा येथील वाटाघाटी निष्फळ ठरल्या. लागोस, म्हणजे नायजेरियाचे केंद्र सरकार, म्हणे, मदत आमच्या तपासणीतून आणि आमच्या रस्त्याने जाईल. ओजुक्वूंना त्या अन्नात विष मिसळले जाण्याची आणि त्याच रस्त्याने सैन्य आत येण्याची भीती. लागोसची वाट मान्य करणे म्हणजे लागोसची सत्ता मान्य करणे होते, म्हणून भाकरीचा प्रश्न सुटेना.

म्हणूनच साओ टोमे बेटाहून रात्री उड्डाणे सुरू झाली. बियाफ्रातल्या उली येथे रस्त्याचाच एक पट्टा रुंद करून केलेल्या धावपट्टीवर दिवे क्षणभरच लागत. चर्चच्या संस्थांनी पाच हजारांहून अधिक फेऱ्यांत सुमारे ६०,००० टन मदत पोहोचवली. ५ जून १९६९ रोजी मदत नेणारे रेडक्रॉसचे विमान पाडले गेले आणि रेडक्रॉसची उड्डाणे थांबली. चर्चची सुरू राहिली.

युद्ध लांबल्याच्या आरोपात तथ्य आहे. शस्त्रेही रात्रीच, त्याच धावपट्टीवर उतरत, आणि मदतसंस्थांच्या खर्चातून बियाफ्राला परकीय चलन मिळे. पण लागोसला ब्रिटन आणि सोव्हिएत संघ उघडपणे शस्त्रे देत होते, फ्रान्स छुपेपणाने बियाफ्राला. युद्ध लांबवणारे हे हात दुधाच्या भुकटीहून कितीतरी मोठे होते. शिवाय मदत थांबली असती तर आधी उपाशी पडली असती ती मुले; सैनिकांचे ताट सगळ्यांत शेवटी रिकामे होते. मग तपासणीचा हक्क लागोसला होता की नव्हता? होता. सप्टेंबर १९६९ मध्ये रेडक्रॉसने तपासणीसह दिवसा उड्डाणे करण्याचा करार लागोसशी केलाही होता. तो ओजुक्वूंनी नाकारला, कारण दिवसाच्या उड्डाणांआडून उलीवर हल्ला होईल अशी त्यांची शंका होती. ती निराधार नसेल. पण तिची किंमत त्यांच्याच मुलांनी चुकवली, आणि तो दोष त्यांच्या पदरातून काढता येत नाही.

१५ जानेवारी १९७० रोजी शरणागती झाली. बियाफ्रात उड्डाणे केलेल्या संस्थांची मदत लागोसने त्यानंतरही नाकारली. पुढे जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या दुसऱ्या अतिरिक्त प्रोटोकॉलने अंतर्गत युद्धात नागरिकांना उपाशी मारण्यावर बंदी घातली, मात्र बाहेरच्या मदतीसाठी संबंधित राज्याच्या संमतीची अट तशीच ठेवली.