वेल्डिंग टिकलं, पण...

रिलीजच्या आदल्या रात्री ऑफिसात जागलायत कधी? मग ही गोष्ट तुम्हाला पटेल.

मार्च १९९२, अमेरिकेतला डेटोना ट्रॅक. न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चहून जॉन ब्रिटन नावाचा इंजिनिअर मित्रांच्या जोरावर स्वतःची बाइक घेऊन आला होता. स्वतःची म्हणजे अक्षरशः! १००० सीसीचं व्ही-ट्विन इंजिन घरचं, कार्बन फायबरची चाकंसुद्धा घरची. रेडिएटर चक्क सीटखाली. बॉडीचा आकार ठरवला तार आणि गरम गोंद वापरून. (आम्हाला कॉलेजात वर्कशॉपमध्ये साधा जॉब फाइल करताना घाम फुटायचा, ते आठवलं.)

शर्यतीच्या आदल्या रात्री कळलं, सिलिंडरच्या स्लीव्हला तडा गेलाय. दुसरा कोणी सामान बांधून घरी गेला असता. हे लोक रात्रभर वेल्डिंग करत बसले, आणि सकाळी गाडी उभी!

रायडर अँड्र्यू स्ट्राउड. त्याने पुढचं चाक हवेत उचलून डुकाटीवाल्या पास्कल पिकॉटला मागे टाकलं. समोर नावाजलेली फॅक्टरी, इकडे गॅरेज. वेल्डिंग शेवटपर्यंत टिकलं. दगा दिला तो इलेक्ट्रिकलने. पुढे असताना, शर्यत संपत आली असताना, गाडी बंद! च्यायला, असं व्हायला नको होतं राव.

१९९४ला स्ट्राउडने डेटोनाला ब्रिटनवरच शर्यत जिंकली. पुढच्या वर्षी जॉन कॅन्सरने गेला, वय फक्त ४५. अशा गाड्या बनल्या अवघ्या दहा. पण मित्रांना दाखवायला मी व्हिडिओ लावतो तो १९९२चाच, हरलेल्या शर्यतीचा.