एचटीटीपीएस एव्हरीव्हेअर

एचटीटीपीएस एव्हरीव्हेअर : (२०१०–२३). संकेतस्थळाशी होणारी देवाणघेवाण शक्य असेल तेथे कूटबद्ध मार्गाने व्हावी यासाठी तयार केलेले मुक्तस्रोत ब्राउझर-एक्सटेन्शन. सॅन फ्रान्सिस्को येथील इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशन (ईएफएफ) आणि टॉर प्रकल्प यांनी ते मिळून विकसित केले. फायरफॉक्ससाठीची पहिली चाचणी आवृत्ती जून २०१० मध्ये आली, १.० ही आवृत्ती ऑगस्ट २०११ मध्ये. पीटर एकर्स्ली (मृत्यू २०२२), माइक पेरी, सेठ शोएन, यान झू आदींचा विकासात वाटा होता.

हे एक्सटेन्शन स्वतः काहीही कूटबद्ध करत नसे. विनंती ब्राउझरमधून बाहेर पडण्याआधी तिचा पत्ता उघड्या एचटीटीपीऐवजी कूटबद्ध एचटीटीपीएसचा करणे, एवढेच त्याचे काम. पुढचे कूटलेखन ब्राउझर आणि संकेतस्थळाचा सर्व्हर आपसांत करत. ज्या सर्व्हरवर एचटीटीपीएसची सोयच नाही, तेथे ते निरुपयोगी ठरे.

पार्श्वभूमी : २०१० च्या सुमारास बहुतेक संकेतस्थळे लॉग-इनचे पान तेवढे कूटबद्ध ठेवत आणि नंतरचा सगळा व्यवहार उघड्यावर चाले. त्या वर्षीच्या जानेवारीत जीमेलने एचटीटीपीएस सर्वांसाठी लागू केले आणि मे महिन्यात गूगलने कूटबद्ध शोधाची चाचणी सुरू केली. एक्सटेन्शनची प्रेरणा म्हणून ईएफएफने या दुसऱ्या घटनेचा उल्लेख केला आहे. मात्र कल्पना अगदीच नवी नव्हती. कॉलिन जॅक्सन व अ‍ॅडम बार्थ यांचे ‘फोर्सएचटीटीपीएस’ (२००८) आणि नोस्क्रिप्ट या एक्सटेन्शनमधील तशीच सोय आधीपासून होती. ऑक्टोबर २०१० मध्ये एरिक बटलर यांनी ‘फायरशीप’ हे साधन प्रसिद्ध केले. खुल्या वाय-फायवर शेजारी बसलेल्याची कुकी (लॉग-इनची ओळख पटवणारी नोंद) पकडून त्याच्या खात्यात शिरणे त्यामुळे एका क्लिकचे काम झाले, आणि हा धोका तज्ज्ञांच्या वर्तुळाबाहेरच्यांनाही कळला.

नियमसंच : या प्रकल्पाचा खरा ठेवा म्हणजे त्याचे नियमसंच, प्रोग्रामचा भाग त्या मानाने साधा होता. प्रत्येक संकेतस्थळासाठी एक छोटी एक्सएमएल फाइल असे. तिच्यात नियम कोणत्या यजमान-नावांना लागू, जुन्या पत्त्याचा साचा कोणता, त्याजागी काय लिहायचे आणि कोणती पाने वगळायची हे नोंदलेले असे. कुकी फक्त कूटबद्ध जोडणीवरूनच जावी असे सांगणारी खूणही त्यात करता येई. फायरशीपसारख्या हल्ल्यांवर खरा उतारा तोच होता. अशा हजारो फाइली स्वयंसेवकांनी लिहिल्या व तपासल्या.

एचटीटीपीला नुसते ‘एस’ हे एक अक्षर जोडून भागत नसे, याचे उत्तम उदाहरण विकिपीडियाचे. तेव्हा विकिपीडियाच्या मूळ पत्त्यांवर एचटीटीपीएस नव्हते. विकिमीडियाचे एक वेगळे सुरक्षित प्रवेशद्वार होते. म्हणून नियम पत्त्याच्या सुरुवातीचा भाषासंकेत (मराठीसाठी ‘एमआर’) उचलून त्या प्रवेशद्वाराच्या पत्त्यात आतल्या बाजूला बसवी. ऑक्टोबर २०११ मध्ये विकिमीडियाने मूळ पत्त्यांवरच सोय दिली आणि हा खटाटोप संपला. जून २०१५ पासून मराठीसह सर्व विकिपीडियांवर एचटीटीपीएस सक्तीचे होऊ लागले.

नियम शिळे होत. संकेतस्थळाने मांडणी बदलली की पान अर्धवट उघडे, चित्रे गळत, कधी पुनर्निर्देशनाचे न संपणारे चक्र सुरू होई. हे चक्र ओळखून माघार घेण्याची तजवीज एक्सटेन्शनमध्ये होती. फायरफॉक्स २३ (ऑगस्ट २०१३) पासून सुरक्षित पानातील असुरक्षित स्क्रिप्ट अडवल्या जाऊ लागल्या. तेव्हा असे मिश्र पान देणाऱ्या स्थळांच्या नियमांना वेगळी खूण करावी लागली. चाचणीत नापास झालेला नियम काढून न टाकता ‘मुळात बंद’ असा शेरा मारून ठेवत. त्यामुळे कोणते संकेतस्थळ कशामुळे अडत होते याची बारीकसारीक नोंद या फाइलींत सापडते. २०१८ पर्यंत नवे नियम एक्सटेन्शनच्या नव्या आवृत्तीसोबतच मिळत. त्यानंतर ते डिजिटल स्वाक्षरीसह स्वतंत्रपणे पोहोचू लागले.

मर्यादा : एचटीटीपीएस वापरले तरी वापरकर्ता कोणत्या संकेतस्थळावर गेला हे नाव इंटरनेट सेवादात्यापासून लपत नाही, लपतो तो पानाचा पूर्ण पत्ता व मजकूर. एचएसटीएस या मानकाने (आरएफसी ६७९७, २०१२) संकेतस्थळांना स्वतःच एचटीटीपीएसचा आग्रह धरता येऊ लागला. परंतु ती सूचना ब्राउझरला पहिल्या भेटीनंतरच कळते. मॉक्सी मार्लिनस्पाइक यांच्या ‘एसएसएलस्ट्रिप’ या साधनाने (२००९) नेमकी हीच पहिली उघडी विनंती हेरता येते हे दाखवले होते. नियम आधीच हाताशी असल्याने एक्सटेन्शन ही फट बुजवी. ब्राउझरमध्येच आगाऊ भरलेली एचएसटीएस यादीही तेच करते.

इतर ब्राउझर : क्रोमसाठी चाचणी आवृत्ती फेब्रुवारी २०१२ मध्ये, त्याआधी विनंती निघण्यापूर्वी बदलण्याची सोय क्रोममध्ये नव्हती. सफारीसाठी कधीच नाही. टॉर ब्राउझरमध्ये ते अंगभूत असे.

अखेर : लेट्स एन्क्रिप्ट या प्रमाणपत्रसेवेने एचटीटीपीएससाठी संकेतस्थळाला लागणारी प्रमाणपत्रे डिसेंबर २०१५ पासून सर्वांना विनामूल्य देऊ केली. जुलै २०१८ मध्ये क्रोम ६८ प्रत्येक एचटीटीपी पानावर ‘असुरक्षित’ असा शिक्का मारू लागला. २०२१ मध्ये हाताने लिहिलेल्या नियमांऐवजी डकडकगो या शोधसेवेने स्वयंचलितपणे जमवलेली यादी स्वीकारण्यात आली. प्रस्तुत नोंदीच्या दृष्टीने प्रकल्पाचे वेगळेपण तेथेच संपले. फायरफॉक्स ८३ (नोव्हेंबर २०२०) व क्रोम ९४ (सप्टेंबर २०२१) यांत केवळ एचटीटीपीएस वापरण्याचा किंवा त्याला प्राधान्य देण्याचा पर्याय आला. त्याच सप्टेंबरात ईएफएफने एक्सटेन्शन निवृत्त करण्याचे जाहीर केले. क्रोमच्या नव्या एक्सटेन्शन-व्यवस्थेत नियमांच्या संख्येवर मर्यादा येऊ घातल्या होत्या, पण ईएफएफने पुढे केलेले मुख्य कारण एचटीटीपीएसचा प्रसार हेच होते. टॉर ब्राउझरने जुलै २०२२ मध्ये (आवृत्ती ११.५) ते वगळले, जानेवारी २०२३ मध्ये प्रकल्प बंद झाला.

परवाना : जीपीएल.