क्रीतानुशय

काशीतील महाराष्ट्रीय पंडितांचे स्मरण करावयाचे झाले, की पैठणहून तेथे जाऊन स्थायिक झालेल्या रामेश्वरभट्टांचे कुळ प्रथम डोळ्यांपुढे उभे राहते. त्यांचे पुत्र नारायणभट्ट, निर्णयसिंधूमुळे घरोघरी ठाऊक झालेले कमलाकरभट्ट आणि 1674 मध्ये रायगडावर शिवछत्रपतींना राज्याभिषेक करणारे गागाभट्ट हे सारे याच कुळातले. परंतु त्याच कुळातील शंकरभट्टांचे पुत्र नीलकंठभट्ट यांनी, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात, यमुना-चंबळ संगमाजवळच्या भरेहचा राजा भगवंतदेव याच्या आश्रयाने जो बारा मयूखांचा भगवंतभास्कर रचला, त्यातील व्यवहारमयूखात बाजारातील खरेदीविक्रीच्या तंट्यांचीही प्रकरणे आहेत, हे वकिलीच्या धंद्याबाहेर, किंबहुना त्या धंद्यातही, फारसे कोणाच्या ध्यानी नसते.

माझ्या ध्यानी ते येण्यास निमित्त झाला एक दूरचित्रवाणी संच. दुर्गाघाटाजवळ एका आप्तांकडे मुक्कामास असता, हमीचे वर्ष संपून पुरता महिनाही लोटला नव्हता, तोच त्यांचा संच आंधळा झाला. दुकानदाराने हमीपत्र उलटसुलट करून पाहिले आणि 'मियाद पूरी हो गई, पंडितजी' एवढे अदबीने सांगून ते परत केले. यजमानांच्या फळीवर पांडुरंग वामन काणे यांनी 1926 साली संपादिलेला व्यवहारमयूख होता. (याच ग्रंथाची प्रस्तावना लिहावयास बसलेल्या काण्यांची लेखणी थांबेना, आणि त्यातून धर्मशास्त्राचा इतिहास निपजला, प्रस्तावना लांबविणाऱ्या इतर संपादकांनी या उदाहरणाचा आधार घेऊ नये.) त्या दुपारी आम्ही मियादीचाच शोध घेत बसलो.

क्रीतानुशय म्हणजे वस्तू विकत घेतल्यावर झालेला पश्चात्ताप. अठरा व्यवहारपदांत स्मृतिकारांनी त्याला स्वतंत्र स्थान दिले आहे. मनू घेणाऱ्यास आणि विकणाऱ्यास दोघांनाही दहा दिवसांची मुभा देतो. नारद अधिक हिशेबी आहे: त्याच दिवशी माल परत केला तर पूर्ण किंमत, दुसऱ्या दिवशी तिचा तिसावा अंश वजा, तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट, आणि त्यापुढे माल घेणाऱ्याच्या गळ्यात. याज्ञवल्क्याने मात्र वस्तूच्या प्रकृतीप्रमाणे परीक्षेची मुदत ठरविली. बियाणे उगवते की नाही हे कळावयास दहा दिवस, रत्नास सात, ओझ्याच्या जनावरास पाच, दुभत्यास तीन आणि लोखंडास अवघा एक. त्याच यादीत दासीला एक महिना आणि दासाला पंधरवडा आहे, हे वाचताना यजमानांचा आवाज खाली गेला; माणसाची गणना मालात करणाऱ्या काळाचा हा कायदा आहे, ही गोष्ट झाकून त्याचे कौतुक करता येणार नाही.

दुकानदाराच्या बाजूने पाहिले तर लोखंडाचा एक दिवस त्याला पुरेसा होता. परंतु ही मुदत परीक्षेने कळणाऱ्या दोषांची. निर्दोष माल दाखवून सदोष माल हाती देणारा विक्रेता नारदाच्या मते किमतीची दुप्पट आणि तेवढाच राजदंड देण्यास पात्र होतो, आणि या वचनाला त्याने दिवसांची गणती जोडलेली नाही. उलट घेणाऱ्याने स्वतः गुणदोष पारखून घेतलेला माल परत जात नाही, आणि अंगावर वापरून मळविलेले वस्त्र सदोष असले तरी विक्रेत्याकडे फिरत नाही. कुंजगलीतील साडीविक्रेत्यांनी हा नियम भिंतीवर लिहावा इतका तो त्यांच्या सोयीचा आहे.

मग हे सारे कायद्याच्या व्यवहारातून नाहीसे कसे झाले? वॉरन हेस्टिंग्जच्या 1772 च्या योजनेत वारसा, विवाह, जात आणि धर्माचार एवढ्याच बाबतींत हिंदूंना शास्त्र लागू ठेवले गेले. 1795 च्या रेग्युलेशनांनी तीच चाल बनारस प्रांतात आली. तराजूकाट्याची शास्त्रे तेवढी दिवाणी अदालतीच्या दाराबाहेर राहिली. नीलकंठांचे नशीब त्यातल्या त्यात चांगले, की गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण येथे वारशाच्या दाव्यांत त्यांचा मयूख मिताक्षरेहूनही वरचढ मानला गेला. पण न्यायाधीश दायविभागाची पाने उलटीत आणि क्रयविक्रयाची तशीच राहत. त्या रिकाम्या जागी प्रथम 1872 चा कराराचा कायदा आणि मग इंग्रजी कायद्यावरून बेतलेला 1930 चा मालविक्रीचा कायदा आला, ज्याचे मूळ तत्त्व घेणाऱ्याने स्वतः सावध राहावे हे. गंमत अशी, की त्याच कायद्याचे सोळावे कलम, वर्णनावरून विकलेला माल बाजारात खपण्याजोगा हवा म्हणते, आणि घेणाऱ्याने तपासला असल्यास तपासणीत दिसून यावयास हवे होते एवढ्याच दोषांपुरती त्याची तक्रार बुडवते. गुप्त दोष येथेही शिल्लक राहतोच.

1986 च्या आणि त्याची जागा घेणाऱ्या 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने फिर्यादीची वाट सोपी केली. मुदत आहे दोन वर्षांची, पण ती तक्रारीचे कारण उद्भवल्या दिवसापासून. हमीपत्राच्या तारखेचा तेथे उल्लेख नाही. अर्ज आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगापुढे करता येतो, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीस शुल्क नाही आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही. अवघड काम पुढेच आहे: दोष वापराने आला नसून घडणीतच होता, हे दाखविण्याचे ओझे बव्हंशी घेणाऱ्यावर पडते, आणि त्यासाठी जाणत्या कारागिराचा लेखी अभिप्राय किंवा प्रयोगशाळेचा दाखला लागतो. दुकानदाराची अदब आणि ग्राहकाचा आळस यांची युती बहुधा येथेच जिंकते.

यजमान आळशी नव्हते. दालमंडीतील एका कारागिराने संच उघडून, आतील एका पट्टीवरचे डाख मुळातच कच्चे होते असे कागदावर लिहून दिले, आणि संध्याकाळी तक्रारअर्जाचा मसुदा सुरू झाला. किमतीपैकी किती मागावे, येथे लेखणी अडली. नारदाने वस्त्राचा हिशेब दिला आहे: एका धुण्यात किंमत अष्टमांशाने घटते, दुसऱ्यात चतुर्थांशाने, तिसऱ्यात तृतीयांशाने, चौथ्यात निम्मी होते. वर्षभर पाहिलेला संच किती वेळा धुतलेला समजावा? यजमान म्हणाले, "दोनदा धरू." आतून काकूंचा आवाज आला, "एकदाच धरा. सबंध उन्हाळा आपण पुण्याला होतो."