अमेरिकेच्या सार्वजनिक शाळांतील उत्क्रांतिशिक्षण

अमेरिकेच्या सार्वजनिक शाळांतील उत्क्रांतिशिक्षण हा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांमधील शिक्षण, धर्म व राज्यघटना यांच्याशी निगडित असा दीर्घकालीन वादविषय आहे. चार्ल्स डार्विन यांनी १८५९ मध्ये विस्ताराने मांडलेला उत्क्रांतीचा सिद्धान्त आधुनिक जीवशास्त्राचा पाया मानला जातो. तथापि, बायबलमधील सृष्टिनिर्मितीच्या कथेचा शब्दशः अर्थ घेणाऱ्या ख्रिस्ती गटांनी त्याच्या अध्यापनास वेळोवेळी विरोध केला आहे.

पार्श्वभूमी

अमेरिकेत शालेय शिक्षण हा प्रामुख्याने राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहे. संपूर्ण देशासाठी बंधनकारक असा एकच अभ्यासक्रम नाही. राज्ये अध्ययनाचे निकष ठरवतात, तर दैनंदिन कारभार स्थानिक शिक्षण मंडळे पाहतात. या मंडळांचे सदस्य बहुधा निवडणुकीने येतात. त्यामुळे विज्ञानाच्या तासाला काय शिकवावे, हा प्रश्न अनेकदा स्थानिक राजकारणाचा होतो.

इतिहास

टेनेसी राज्याने १९२५ मध्ये बटलर कायदा संमत करून मानवाच्या उत्क्रांतीचे अध्यापन निषिद्ध ठरवले. त्याच वर्षी डेटन येथील शिक्षक जॉन स्कोप्स यांच्यावर या कायद्याखाली खटला चालून त्यांना १०० डॉलर दंड झाला. पुढे तांत्रिक कारणावरून ही शिक्षा रद्द झाली; कायदा मात्र १९६७ पर्यंत टिकला. खटल्यानंतरच्या काळात अनेक पाठ्यपुस्तकांतून उत्क्रांतीचा उल्लेख कमी झाला. सोव्हिएत संघाने १९५७ मध्ये स्पुटनिक उपग्रह सोडल्यावर विज्ञानशिक्षणाचा नव्याने विचार झाला आणि १९६० च्या दशकातील पाठ्यपुस्तकांत हा विषय परतला.

न्यायालयीन निर्णय

एपर्सन विरुद्ध आर्कान्सा (१९६८) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उत्क्रांतीच्या अध्यापनावरील बंदी घटनाबाह्य ठरवली. शासनाने कोणत्याही धर्माची स्थापना करू नये, या पहिल्या घटनादुरुस्तीतील तत्त्वाचा आधार त्यासाठी घेण्यात आला. त्यानंतर 'निर्मितिविज्ञान' या नावाने धार्मिक मत उत्क्रांतीच्या जोडीने शिकवण्याचे प्रयत्न झाले. लुइझियाना राज्याचा तसा कायदा एडवर्ड्स विरुद्ध अगिलार्ड (१९८७) या निकालाने रद्द झाला.

पुढे 'इंटेलिजंट डिझाइन' ही कल्पना पुढे आली. पेनसिल्व्हेनियातील डोव्हर येथील शिक्षण मंडळाने नववीच्या विद्यार्थ्यांना या कल्पनेचा उल्लेख असलेले निवेदन वाचून दाखवावे, असे ठरवले. जीवशास्त्राच्या शिक्षकांनी ते वाचण्यास नकार दिला आणि ११ पालक न्यायालयात गेले. मंडळाने शिफारस केलेल्या पुस्तकाच्या जुन्या मसुद्यांत 'निर्मितिवाद' या अर्थाचे शब्द होते व १९८७ च्या निकालानंतर त्यांच्या जागी 'डिझाइन' हा शब्द घातला गेला, हे सुनावणीत उघड झाले. न्यायाधीश जॉन जोन्स यांनी २० डिसेंबर २००५ रोजी ही कल्पना विज्ञान नसल्याचा निर्णय दिला.

वर्गातील अडचणी

न्यायालयीन निर्णयांनी प्रश्न पूर्णपणे सुटलेला नाही. २००७ मध्ये माध्यमिक शाळांतील ९२६ जीवशास्त्र शिक्षकांच्या पाहणीत सुमारे २८ टक्के शिक्षक उत्क्रांती ठामपणे शिकवत असल्याचे, तर सुमारे १३ टक्के शिक्षक निर्मितिवादाचे समर्थन करत असल्याचे आढळले. उरलेले बहुसंख्य शिक्षक वाद टाळण्यासाठी विषय वरवर शिकवत. पालकांच्या नाराजीची धास्ती आणि विषयाच्या अपुऱ्या प्रशिक्षणामुळे आलेला आत्मविश्वासाचा अभाव ही त्याची प्रमुख कारणे मानली जातात.

भाषेमुळेही गैरसमज होतो. इंग्रजीत 'थिअरी' हा शब्द व्यवहारात अटकळ या अर्थानेही वापरला जातो. त्यामुळे 'उत्क्रांती ही केवळ थिअरी आहे' असा आक्षेप घेतला जातो. विज्ञानात मात्र पुराव्यांनी पुष्ट झालेल्या स्पष्टीकरणास ही संज्ञा आहे. मराठीतील 'सिद्धान्त' या शब्दात सिद्ध झालेला निष्कर्ष हा अर्थ अंगभूत असल्याने हा घोटाळा तेथे सहसा होत नाही.

सद्यस्थिती

लुइझियाना (२००८) व टेनेसी (२०१२) या राज्यांनी उत्क्रांतीसारख्या विषयांची 'चिकित्सा' करण्यास शिक्षकांना मुभा देणारे कायदे केले. त्यातून धार्मिक मताला आडवाटेने प्रवेश मिळेल, अशी टीका वैज्ञानिक संस्थांनी केली. दुसरीकडे, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व अनेक राज्यांनी स्वीकारलेल्या नव्या विज्ञान-निकषांत उत्क्रांतीला जीवशास्त्राच्या मूलभूत संकल्पनांत स्थान मिळाले. निर्मितिवादाला थारा न देता उत्क्रांतीविषयीचे वैज्ञानिक एकमत शिकवणाऱ्या शिक्षकांचे प्रमाण २००७ मधील ५१ टक्क्यांवरून २०१९ मध्ये ६७ टक्क्यांवर गेले.