सीटबेल्ट, सूचक-बझर आणि लोकसंमती : अमेरिकेतील १९७४ च्या इंटरलॉक प्रयोगाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मोटारीत बसल्यावर सीटबेल्ट लावला नाही तर डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो आणि टिणटिण असा आवाज सुरू होतो. आज ही बाब इतकी परिचित झाली आहे की, त्या आवाजालाही इतिहास आहे याची जाणीव सहसा होत नाही. वास्तविक हा आवाज किती सेकंद वाजावा, या प्रश्नावर अमेरिकेच्या काँग्रेसने १९७४ साली कायदा केला होता आणि तो सुमारे ३८ वर्षे टिकला. मानवी जीव वाचविणारे तंत्रज्ञान उपलब्ध असूनही समाज ते नाकारतो तेव्हा शासनाने काय करावे, हा या घटनेमागील मूलभूत प्रश्न होय. प्रस्तुत लेखात या प्रयोगाची पार्श्वभूमी, त्याचे परिणाम, त्याला झालेला विरोध आणि भारतीय परिस्थितीच्या संदर्भात त्यातून मिळणारा बोध यांची मांडणी केली आहे.

पार्श्वभूमी

आजचा तीन बिंदूंचा सीटबेल्ट स्वीडनमधील व्होल्वो कंपनीचे अभियंता निल्स बोलिन यांनी १९५९ साली विकसित केला. बोलिन यांनी त्यापूर्वी साब कंपनीत विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम केले होते. त्यामुळे प्रचंड वेगबदलात मानवी शरीराचे काय होते याची त्यांना कल्पना होती. कमरेवरून आणि छातीवरून जाणारा, एका हाताने लावता येणारा हा पट्टा व्होल्वोने इतर उत्पादकांनाही वापरण्यास मोकळा ठेवला. १९६७ साली बोलिन यांनी सुमारे २८,००० अपघातांच्या अभ्यासावर आधारित निष्कर्ष मांडले आणि या पट्ट्याची उपयुक्तता निर्विवाद ठरली.

अमेरिकेत मात्र चित्र वेगळे होते. फोर्ड कंपनीने १९५६ च्या मॉडेलमध्ये सुरक्षा साधनांचा संच विकण्याचा प्रयत्न केला होता, परंतु सुरक्षितता हा ग्राहकाला आकर्षित करणारा गुण नाही असेच मत मोटार उद्योगात रूढ झाले. १९६५ साली राल्फ नाडर यांचे ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि अपघाताची जबाबदारी केवळ चालकावर न टाकता वाहनाच्या रचनेकडेही बोट दाखविले गेले. १९६६ साली राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या कारकिर्दीत मोटारवाहन सुरक्षा कायदा संमत झाला. नव्या सुरक्षा यंत्रणेचे पहिले प्रमुख विल्यम हॅडन हे वैद्यक आणि साथरोगशास्त्राच्या क्षेत्रातून आलेले होते. साथीच्या रोगाप्रमाणे अपघाती इजेचाही शास्त्रीय अभ्यास करून ती टाळता येते, ही त्यांची भूमिका होती. १ जानेवारी १९६८ पासून नव्या मोटारींत सीटबेल्ट बसविणे सक्तीचे झाले.

पट्टा बसविण्याची सक्ती झाली, परंतु तो लावण्याची सक्ती झाली नाही. बहुसंख्य चालक पट्ट्यावर बसून गाडी चालवीत. १९७२ साली अमेरिकेतील रस्त्यांवरील बळींची संख्या ५४ हजारांच्या वर गेली.

बझर आणि दिव्याचा पहिला टप्पा

या परिस्थितीत नियामकांपुढे तीन मार्ग होते. पहिला, पट्टा न लावणाऱ्यास दंड करणारा कायदा. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १९७० साली हा मार्ग जगात सर्वप्रथम स्वीकारला. दुसरा, प्रवाशाने काहीही न करता त्याचे संरक्षण करणारी एअरबॅगसारखी यंत्रणा. तिसरा, वाहनाकरवीच चालकाला पट्टा लावण्यास भाग पाडणे. रहदारीचे कायदे हा घटकराज्यांचा विषय असल्याने पहिला मार्ग संघीय यंत्रणेच्या थेट हाती नव्हता. तिचा कल दुसऱ्या मार्गाकडे होता, तर उद्योगाला तो खर्चिक वाटत होता.

दरम्यान १९७२ पासूनच्या मोटारींत सतत वाजणारा बझर आणि दिवा आले. समोरच्या आसनावर माणूस असून पट्टा ओढलेला नसेल तर गाडी गिअरमध्ये टाकताच बझर वाजे. यंत्रणा पट्टा थोडा बाहेर ओढला गेला आहे की नाही एवढेच पाहत असे. लोकांनी लवकरच पट्टा ओढून त्याला गाठ मारून ठेवण्याची युक्ती शोधली. लिऑन रॉबर्टसन आणि हॅडन यांच्या निरीक्षणात्मक अभ्यासात बझर असलेल्या आणि नसलेल्या गाड्यांतील वापरात नगण्य फरक आढळला. आवाज त्रासदायक होता, पण त्रासावरचा उपाय पट्टा लावण्यापेक्षा सोपा होता.

२७ एप्रिल १९७१ रोजी फोर्ड कंपनीचे हेन्री फोर्ड दुसरे आणि ली आयकोका यांनी व्हाइट हाऊसमध्ये राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांची भेट घेतली. या भेटीचा तपशील पुढे प्रसिद्ध झालेल्या ध्वनिफितींमुळे उपलब्ध झाला. सुरक्षा नियमांमुळे उद्योगावर पडणाऱ्या बोजाची तक्रार त्यांनी मांडली. त्यानंतर त्याच वर्षी एअरबॅगसारख्या यंत्रणेची सक्ती लांबणीवर पडली आणि मधल्या काळासाठी इंटरलॉकचा पर्याय पुढे आला. म्हणजेच इंटरलॉक हे नियामकांचे मूळ ध्येय नव्हते, तर राजकीय तडजोडीतून जन्मलेले साधन होते. त्याच्या पुढील भवितव्याचा विचार करताना ही बाब लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

इंटरलॉक : रचना आणि परिणाम

१९७४ च्या मॉडेलपासून, म्हणजे १९७३ च्या उत्तरार्धापासून विक्रीस आलेल्या बहुतेक सर्व नव्या मोटारींत ही यंत्रणा होती. समोरच्या आसनाखाली वजन ओळखणारा संवेदक आणि पट्ट्याच्या जोडणीत स्विच बसविलेला असे. आधी बसणे, मग पट्टा लावणे आणि मग किल्ली फिरविणे हा क्रम पाळला तरच इंजिन सुरू होई. क्रमाची ही अट मुद्दाम घातलेली होती. पट्टा कायमचा लावून त्यावर बसणाऱ्याला यंत्रणा फसत नसे.

परिणामाच्या दृष्टीने पाहता हा प्रयोग अयशस्वी म्हणता येत नाही. रॉबर्टसन यांच्या १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार १९७३ च्या बझरयुक्त गाड्यांत २८ टक्के चालक पट्टा वापरत होते, तर १९७४ च्या इंटरलॉकयुक्त गाड्यांत हे प्रमाण ५९ टक्के होते. खांद्यावरचा पट्टाही लावणाऱ्यांचे प्रमाण ७ टक्क्यांवरून ४८ टक्क्यांवर गेले. एवढी मोठी वाढ तोपर्यंत कोणत्याही प्रचारमोहिमेने साधली नव्हती. तथापि, दुसरी बाजू अशी की, अगदी नव्या गाड्यांतही सुमारे ४१ टक्के चालकांनी यंत्रणेला निष्प्रभ करण्याचा मार्ग शोधला होता.

एकूण बळींच्या आकड्यांतून मात्र या लाभाचा प्रत्यय येणे कठीण होते. रस्त्यांवरील बळींची संख्या १९७३ मधील सुमारे ५४ हजारांवरून १९७४ मध्ये सुमारे ४५ हजारांवर आली. परंतु याच काळात तेलसंकट उद्भवले होते आणि जानेवारी १९७४ मध्ये ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा लागू झाली होती. शिवाय रस्त्यावरील एकूण गाड्यांत इंटरलॉक असलेल्या गाड्या अल्पसंख्य होत्या. परिणामी घट झाली तिचे श्रेय वेगमर्यादेकडे गेले आणि इंटरलॉकच्या वाट्याला केवळ तक्रारी आल्या.

विरोध आणि आठ सेकंदांची मर्यादा

या तक्रारी सर्वस्वी निराधार नव्हत्या. शेजारच्या आसनावर किराणा मालाची पिशवी ठेवली किंवा कुत्रा बसला तरी यंत्रणा त्याला माणूस समजून पट्ट्याची मागणी करी. संवेदक बिघडला तर पट्टा लावूनही गाडी सुरू होत नसे. संकटकाळी, विशेषतः रात्री एकट्या व्यक्तीची गाडी वेळेवर सुरू झाली नाही तर काय, हा प्रश्न विचारला जाऊ लागला. स्वतःच्या पैशाने घेतलेली गाडी स्वतःचीच आज्ञा पाळत नाही, ही भावना सर्वांत प्रखर होती.

या असंतोषाला १९७४ च्या उन्हाळ्यात राजकीय वाट मिळाली. वॉटरगेट प्रकरणी निक्सन यांनी ९ ऑगस्ट १९७४ रोजी राजीनामा दिला आणि शासनाच्या हस्तक्षेपाविषयीचा अविश्वास शिगेला पोहोचला होता. प्रतिनिधिगृहात न्यू हॅम्पशायरचे लुई वायमन यांनी, तर सिनेटमध्ये जेम्स बकली आणि थॉमस ईगल्टन यांनी इंटरलॉकविरोधी दुरुस्ती पुढे रेटली. बकली हे परंपरावादी, तर ईगल्टन डेमोक्रॅटिक पक्षाचे. म्हणजे हा विरोध एका पक्षापुरता मर्यादित नव्हता. २७ ऑक्टोबर १९७४ रोजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्या स्वाक्षरीने दुरुस्ती कायदा अस्तित्वात आला. त्यानुसार इंटरलॉकची सक्ती करण्यास मनाई झालीच, शिवाय किल्ली फिरविल्यानंतरच्या आठ सेकंदांपलीकडे वाजणाऱ्या बझरची अट घालण्यासही नियामकांना बंदी झाली.

सर्व नव्या गाड्यांवर जेमतेम एक वर्ष लागू असलेल्या प्रयोगाची प्रतिक्रिया इतकी तीव्र होती की, तिने इंटरलॉकबरोबर साध्या सूचनेचेही हात बांधले. आठ सेकंदांत सूचना संपते, हे चालकाला अनुभवाने कळते आणि तो केवळ वाट पाहतो.

कायद्याचा मार्ग आणि घंटेचे पुनरागमन

१९८३ साली अमेरिकेतील सीटबेल्टचा वापर अवघा १४ टक्के होता. १९८४ साली परिवहनमंत्री एलिझाबेथ डोल यांनी एक तोडगा काढला. दोन तृतीयांश लोकसंख्या व्यापणाऱ्या राज्यांनी पट्टा सक्तीचे कायदे केल्यास स्वयंचलित संरक्षणाची अट मागे घेतली जाणार होती. त्याच वर्षी न्यू यॉर्कने असा पहिला राज्य कायदा केला. पुढील वर्षांत बहुतेक राज्यांनी तेच केले आणि २००० सालापर्यंत वापर सुमारे ७१ टक्क्यांवर पोहोचला. वायमन यांचे न्यू हॅम्पशायर मात्र आजही प्रौढांसाठी अशी सक्ती नसलेले एकमेव राज्य आहे.

घंटेचे पुनरागमन शासनाकडून नव्हे, तर उद्योगाकडून झाले. फोर्ड कंपनीने २००० च्या मॉडेलपासून आठ सेकंदांच्या कायदेशीर सूचनेनंतर थांबून थांबून सुमारे पाच मिनिटे वाजणारी स्वतंत्र सूचना स्वेच्छेने आणली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या गाड्यांतील वापर ७१ वरून ७६ टक्क्यांवर गेल्याचे दिसले. युरोपात युरो एनकॅप या संस्थेने २००२ पासून अशा सूचकांना गुण देण्यास सुरुवात केली. स्वीडनमधील निरीक्षणात आधुनिक सूचक असलेल्या गाड्यांत सुमारे ९९ टक्के, तर नसलेल्या गाड्यांत सुमारे ८२ टक्के चालक पट्टा लावताना आढळले. २०१२ साली अमेरिकी काँग्रेसने आठ सेकंदांची मर्यादा रद्द केली आणि डिसेंबर २०२४ मध्ये मागील आसनांसह अधिक दीर्घ सूचनेचा नियम जाहीर झाला.

येथे एक विसंगती दिसते. १९७२ चा बझर निष्फळ ठरला, मग २००० नंतरचा का यशस्वी झाला? याचे उत्तर केवळ तंत्रातील सुधारणेत नाही. मधल्या काळात कायदा झाला होता, पट्टा अधिक सोयीचा झाला होता आणि बहुसंख्य लोकांनी त्याचे महत्त्व स्वीकारले होते. विसरणाऱ्याला घंटा आठवण करून देते, पण नाकारणाऱ्याचे मन ती वळवू शकत नाही. १९७२ साली नाकारणारे बहुसंख्य होते, तर २००० साली विसरणारे.

भारतीय संदर्भ

भारतात मोटारीतील चालक व सहप्रवाशासाठीची सूचनायंत्रणा १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत अनिवार्य झाली आणि त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून पट्टा न लावल्याबद्दलचा दंड १,००० रुपये झाला. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२१ साली सीटबेल्ट न लावलेल्या १६,३९७ व्यक्तींचा अपघातांत मृत्यू झाला. त्यांपैकी ८,४३८ चालक आणि ७,९५९ प्रवासी होते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात मुंबई-अहमदाबाद महामार्गावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. मागील आसनावरील प्रवाशांनी पट्टा लावला नव्हता असे प्राथमिक तपासात पुढे आले आणि मागच्या आसनाचा दुर्लक्षित प्रश्न सार्वजनिक चर्चेत आला.

याच सुमारास आणखी एक वस्तू चर्चेत आली. पट्ट्याच्या खाचेत नुसती पट्टी अडकवून आवाज बंद करणाऱ्या क्लिपा ऑनलाइन बाजारात खुलेआम विकल्या जात होत्या. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ई-वाणिज्य कंपन्यांविरुद्ध आदेश देऊन ही विक्री थांबविली. १९७२ च्या अमेरिकेतील पट्ट्याची गाठ आणि पन्नास वर्षांनंतरची भारतातील क्लिप यांमागील मनोवृत्ती एकच आहे. भेद इतकाच की, तेथे यंत्र आले तेव्हा एकाही घटकराज्यात कायदा नव्हता, तर येथे कायदा आणि यंत्र दोन्ही असताना सवय रुजलेली नाही.

निष्कर्ष

१९७४ चा इंटरलॉक प्रयोग तांत्रिकदृष्ट्या परिणामकारक, परंतु सामाजिकदृष्ट्या अकाली होता. जे कर्तव्य कोणत्याही विधिमंडळाने नागरिकावर घातले नव्हते, त्याची अंमलबजावणी यंत्रावर सोपविली गेली. चर्चा, कायदा आणि प्रबोधन यांतून संमती निर्माण होण्यापूर्वीच सक्ती आल्याने उलट प्रतिक्रिया उमटली आणि तिची किंमत पुढील कित्येक वर्षे प्राण गमावून चुकवावी लागली. मात्र यावरून सक्ती नेहमीच त्याज्य असते असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. कायद्याच्या सक्तीविना अमेरिकेतील वापर १४ टक्क्यांवरच अडखळला होता, हेही तितकेच खरे आहे.

भारतापुरते पाहता, आवाज अधिक मोठा किंवा अधिक लांब करणे हा उपायाचा एक भाग झाला. क्लिप विकत घेणारा माणूस विसराळू नसतो. त्याने विचारपूर्वक नकार दिलेला असतो. त्या नकाराला उत्तर देण्याचे काम नियमित अंमलबजावणीचे आणि शिक्षणाचे आहे. त्या दृष्टीने महाविद्यालयीन वयात, म्हणजे वाहन चालविण्याचा परवाना प्रथम हाती येतो त्या वयात, ही सवय लागणे सर्वाधिक मोलाचे ठरते.