जंबो : हत्तीचे स्मारक आणि एका शब्दाचा प्रवास

परभणी–नांदेड लोहमार्गाला हिंगोली–अकोल्याकडील मार्ग जेथे येऊन मिळतो, त्या पूर्णा जंक्शनची घडण ज्यांना परिचित आहे, त्यांना कॅनडातील सेंट टॉमस या गावाची कल्पना सहज करता येईल. ऑन्टॅरिओ प्रांतातील हे गावही रेल्वेच्या आश्रयाने वाढले. मात्र तेथील सार्वजनिक स्मारक इंजिनाचे किंवा अभियंत्याचे नसून एका हत्तीचे आहे. विन्स्टन ब्रोनम या शिल्पकाराने सिमेंट-काँक्रीटमध्ये घडविलेला हा पूर्णाकृती पुतळा 1985 साली उभारण्यात आला. त्यापूर्वी बरोबर शंभर वर्षे, 15 सप्टेंबर 1885 रोजी, जंबो हा हत्ती त्याच गावी मालगाडीच्या धडकेने मरण पावला होता.

जंबो मूळचा आफ्रिकेतला. 1860 नंतरच्या आरंभीच्या वर्षांत तो पिल्लू असताना पकडला गेला, पॅरिसला आला आणि 1865 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात दाखल झाला. तेथे मॅथ्यू स्कॉट या माहुताच्या देखरेखीखाली त्याने कित्येक वर्षे मुलांना पाठीवर फिरविले. 1882 मध्ये फिनिअस बार्नम या अमेरिकी सर्कसमालकाने त्याला दहा हजार डॉलरांस विकत घेतले, तेव्हा इंग्लंडात मोठा गहजब झाला. शाळकरी मुलांनी राणी व्हिक्टोरियाकडे अर्जही केले. महाराष्ट्रात विष्णुपंत छत्रे यांची सर्कस आकार घेत होती, तोही हाच काळ होय.

मृत्यूची हकीकत साधी आहे. खेळ संपल्यावर हत्तींना रुळांवरून त्यांच्या डब्यांकडे नेले जात असता एक मालगाडी आली. टॉम थम्ब नावाच्या लहान हत्तीचा पाय मोडला, जंबो मेला. पुढे बार्नमने मात्र असे पसरविले की, त्या लहानग्यास वाचविण्यासाठी जंबोने प्राण दिले. जाहिरातीच्या धंद्यात आयुष्य घालविलेल्या माणसाची ही कथा इतिहास म्हणून स्वीकारण्याचे काहीच कारण नाही. तथापि जंबोची कीर्ती टिकविण्यात तिचा वाटा मोठा आहे. पुतळा पाहणाऱ्यासमोर हत्ती किती व बार्नम किती, हा प्रश्न म्हणूनच अप्रस्तुत ठरत नाही.

बार्नमने मृत जंबोलाही विश्रांती दिली नाही. कातडे पेंढा भरून एकीकडे, सांगाडा दुसरीकडे, अशी दोन प्रदर्शने सर्कशीबरोबर हिंडली. सांगाडा पुढे न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयाकडे गेला. कातड्याचा हत्ती टफ्ट्स विद्यापीठात ठेवला होता. तो 1975 च्या आगीत जळाला. तेथील राख पीनट बटरच्या रिकाम्या बरणीत जपून ठेवण्यात आली, हा तपशील विनोदी वाटला तरी खरा आहे.

परंतु जंबोचे सर्वांत दूर पोहोचलेले स्मारक भाषेत आहे. या शब्दाची व्युत्पत्ती स्वाहिली भाषेत शोधण्याची प्रथा आहे. ती निर्विवाद मानता येत नाही. कारण बेढब, अवजड माणूस या अर्थी ‘जंबो’ हा शब्द इंग्रजी बोलीत 1823 मध्येच, म्हणजे या हत्तीच्या जन्मापूर्वी, नोंदला गेला आहे. ‘अवाढव्य’ या अर्थाने त्याचा सर्वत्र प्रसार झाला तो मात्र हत्तीच्या प्रसिद्धीमुळेच. मराठीने विशेषनाम घेतले नाही, तयार विशेषणच घेतले: जंबो जेट, जंबो कार्यकारिणी, जंबो मंत्रिमंडळ, आणि 2020 च्या साथीतील जंबो कोविड केंद्रे. ओकारान्त असल्यामुळे ‘मोठा–मोठी–मोठे’ याप्रमाणे ते विकार पावत नाही, आणि लेखनात ‘जंबो’ व ‘जम्बो’ अशी दोन्ही रूपे नांदतात. हत्तीचा अर्थ वापरणाऱ्याच्या मनात बहुधा उरलेला नसतो. मुंबईत पश्चिम रेल्वे रविवारी दुरुस्तीसाठी लोहमार्ग काही तास बंद ठेवते, तेव्हा मराठी वृत्तपत्रे त्यास ‘जम्बो ब्लॉक’ म्हणतात. रुळांवर मेलेल्या हत्तीचे नाव असे पुन्हा रुळांवरच आले आहे.